कळते, पण त्या क्षणी वळत नाही: एडीएचडी असलेला विद्यार्थी समजून घेताना

“काल याच पद्धतीची गणिते न चुकता सोडवली, मग आज एकही का जमत नाही?” हा प्रश्न शिक्षककक्षात आणि पालकसभांत वारंवार विचारला जातो, आणि त्याचे उत्तर बहुतेक वेळा विचारणाऱ्याने आधीच ठरवलेले असते: मूल हुशार आहे, पण मनावर घेत नाही. एडीएचडी, म्हणजेच अवधान-न्यूनता व अतिचंचलता हा विकार, असलेल्या मुलांविषयीच्या गैरसमजांत हा सर्वांत खोलवर रुजलेला आहे आणि माझ्या मते सर्वांत जास्त नुकसान करणाराही आहे. कामगिरीतील असा चढउतार हा आळसाचा पुरावा नाही. तो या विकाराचा स्वभावच आहे. वर्गाचे नियम विचारले तर हे मूल ते इतरांइतकेच बिनचूक सांगते, आणि धडाही बहुधा त्याला समजलेला असतो. त्याचे अडते ते माहीत असलेली गोष्ट नेमक्या वेळी, नेमक्या जागी हातून घडवून आणताना.

मदतीची सगळी दिशा या एका फरकावर ठरते. समजुतीत उणीव असती तर समजावून सांगणे हा उपाय ठरला असता. पण ज्याला कळते आणि ऐन वेळी वळत नाही, त्याला तास संपल्यावर दिलेला उपदेश, आठवड्याच्या शेवटी झालेली कानउघाडणी किंवा सत्राअखेरची शिक्षा फारशी उपयोगी पडत नाही. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ रसेल बार्कली यांनी हा मुद्दा अनेक वर्षे आग्रहाने मांडला आहे: मदत कामाच्या जागी आणि कामाच्या क्षणी पोहोचली पाहिजे. बाकावर बसताना, वही उघडताना, सूचना ऐकताना, एक काम सोडून दुसऱ्याकडे वळताना मूल अडखळते, म्हणून आधारही तिथेच उभा करावा लागतो. या लेखात पुढे जे काही सांगितले आहे ते या एकाच सूत्राचा विस्तार आहे.

आधी हा विकार कशाला म्हणतात ते पाहू. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या निदानपुस्तिकेची पाचवी आवृत्ती २०१३ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात अवधानाशी संबंधित नऊ आणि चंचलता व आवेग यांच्याशी संबंधित नऊ लक्षणे दिलेली आहेत. मुलांमध्ये यांपैकी किमान एका गटातील सहा किंवा अधिक लक्षणे किमान सहा महिने टिकलेली असावी लागतात, ती वयाच्या मानाने ठळकपणे जास्त असावी लागतात, त्यांतील काही वयाच्या बाराव्या वर्षाआधी दिसलेली असावी लागतात, आणि घर व शाळा यांसारख्या एकाहून अधिक ठिकाणी ती आढळून मुलाच्या शिक्षणात किंवा नात्यांत खरोखर अडथळा आणत असावी लागतात. सतरा वर्षे व त्यापुढील व्यक्तींसाठी पाच लक्षणे पुरेशी मानली जातात. या अटी बारकाईने वाचल्या तर एक गोष्ट स्पष्ट होते: केवळ गणिताच्या तासाला चुळबूळ करणारे, किंवा घरात एखादी मोठी उलथापालथ झाल्यानंतर महिनाभर हरवल्यासारखे वागणारे मूल या व्याख्येत बसत नाही.

लक्षणांच्या प्रमाणानुसार विकाराची तीन रूपे मानली जातात. एकात अवधानाची अडचण प्रमुख असते, दुसऱ्यात चंचलता आणि आवेग प्रमुख असतात, तिसऱ्यात दोन्ही असतात. यांतील पहिल्या रूपाबद्दल थोडे अधिक सांगायला हवे, कारण तेच सर्वाधिक नजरेआड राहते. सतत उठणारे, मध्येच बोलणारे, उत्तर ठाऊक नसतानाही हात वर करणारे मूल शिक्षकांना दिसतेच. पण खिडकीशेजारी शांत बसलेली, कोणाला त्रास न देणारी, फळ्यावरचे अर्धेच उतरवून घेणारी आणि परीक्षेत प्रश्नाचा उत्तरार्ध न वाचताच पुढे जाणारी मुलगी वर्षानुवर्षे ‘स्वप्नाळू’ किंवा ‘वेंधळी’ या शेऱ्यावर भागवली जाते. सर्वसाधारण लोकसंख्येच्या पाहण्यांत मुलींच्या सुमारे दुप्पट मुलगे या निकषांत बसतात. उपचारकेंद्रांत मात्र ही तफावत त्याहून मोठी दिसते, याचा अर्थ अनेक मुली तिथपर्यंत पोहोचतच नाहीत. ज्या मुलामुळे वर्गाचा त्रास वाढतो त्याची दखल घेतली जाते आणि ज्याचा त्रास त्याच्यापुरताच राहतो ते मागे पडते, ही व्यवस्थेची मोठी उणीव आहे.

जगभरातील अभ्यास एकत्र केले तर शालेय वयातील सुमारे पाच टक्के मुलांमध्ये हा विकार आढळतो, म्हणजे चाळीस मुलांच्या वर्गात सरासरी दोन. आधुनिक धावपळीने किंवा पडद्यांनी हा विकार जन्माला घातला, ही समजूतही खरी नाही. स्कॉटिश वैद्य अलेक्झांडर क्राइटन यांनी १७९८ मध्येच अवधान टिकवता न येण्याच्या अवस्थेचे वर्णन केले होते, आणि १९०२ मध्ये लंडनमधील व्याख्यानांत बालरोगतज्ज्ञ जॉर्ज स्टिल यांनी बुद्धीने सर्वसाधारण असूनही स्वतःच्या वागण्याला आवर घालू न शकणाऱ्या मुलांची नोंद केली होती.

आता मुलाच्या आत काय घडते याकडे वळू. कोणतेही काम पार पाडताना मेंदूला पडद्यामागे बरीच व्यवस्था पाहावी लागते: मनात आलेली पहिली ऊर्मी रोखून धरणे, सूचना काम संपेपर्यंत डोक्यात जागी ठेवणे, पायऱ्यांचा क्रम लावणे, वेळेचा अंदाज बांधणे, कंटाळा आला तरी प्रयत्न चालू ठेवणे. या क्षमतांना एकत्रितपणे कार्यकारी क्षमता म्हणतात, आणि त्यांचा कारभार मोठ्या प्रमाणात मेंदूच्या कपाळामागील भागाकडे व त्याला जोडलेल्या जाळ्यांकडे असतो. अमेरिकेतील राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेतील संशोधकांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे आढळले की मेंदूच्या बाह्य आवरणाची जाडी सर्वोच्च पातळीला पोहोचण्याचे मध्यम वय इतर मुलांत सुमारे साडेसात वर्षे होते, तर एडीएचडी असलेल्या मुलांत ते सुमारे साडेदहा वर्षे होते, आणि हा विलंब कपाळामागील भागात सर्वाधिक ठळक होता. विकासाचा क्रम तोच होता, फक्त त्याची गती संथ होती. यावरून असा निष्कर्ष काढू नये की मूल मोठे झाले की सारे आपोआप सुरळीत होईल. अनेकांत लक्षणे प्रौढपणीही टिकतात. मात्र दहा वर्षांच्या मुलाकडून स्वतःचे दप्तर, वेळ आणि राग सांभाळण्याची जी अपेक्षा आपण ठेवतो, ती या मुलासाठी काही वर्षे आधी आलेली असू शकते, हे जाणून वागणे न्यायाचे आहे.

कार्यस्मृतीची, म्हणजे हातातल्या कामापुरती माहिती मनात धरून ठेवण्याच्या क्षमतेची, अडचण वर्गात विशेष जाणवते. “पुस्तकाचे बेचाळिसावे पान उघडा, तिसरा स्वाध्याय वहीत लिहा, समास सोडा आणि झाले की वही टेबलावर ठेवा,” ही सूचना ऐकायला साधी वाटते. पण पान शोधता शोधताच ज्याच्या मनातून पुढचे तीन भाग निसटतात, ते मूल शेजाऱ्याच्या वहीत डोकावते, आणि त्याबद्दल त्याला बोलणी बसतात. दुसरी अडचण वेळेची आहे. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ एडमंड सोनुगा-बार्क यांनी दाखवून दिले की यातील अनेक मुलांना प्रतीक्षा विशेष जड जाते आणि उशिरा मिळणाऱ्या मोठ्या फळापेक्षा लगेच मिळणारे लहान फळ त्यांना जास्त खेचून घेते. वार्षिक परीक्षेतील गुण हे आठ महिन्यांनी येणारे फळ असल्यामुळे आजच्या कंटाळवाण्या स्वाध्यायाला त्यातून बळ मिळत नाही. हेच मूल आवडीच्या खेळात किंवा चित्रात तासन्‌तास रमते, तेव्हा पालकांना वाटते की लक्ष आहे, ते फक्त अभ्यासात देत नाही. वास्तविक रंजक, सतत बदलणाऱ्या आणि तत्काळ प्रतिसाद देणाऱ्या कामाला फारशा आत्मनियमनाची गरजच पडत नाही. ते काम स्वतःच लक्ष ओढून घेते.

कारणांबाबत फार थोडक्यात सांगता येईल. जुळ्या भावंडांच्या अभ्यासांतून या विकारातील आनुवंशिकतेचा वाटा सत्तर ते ऐंशी टक्क्यांच्या दरम्यान असल्याचे दिसते, म्हणजे उंचीसारख्या गुणधर्माच्या जवळपास. अकाली जन्म आणि जन्माच्या वेळचे अतिशय कमी वजन यांमुळेही शक्यता वाढते. संगोपनातील ढिलाई हे त्याचे कारण नाही, आणि साखरही नाही. १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात, आपल्या मुलावर साखरेचा परिणाम होतो असे मानणाऱ्या आयांपैकी निम्म्यांना मुलाने भरपूर साखर घेतली आहे असे सांगण्यात आले. प्रत्यक्षात सर्वच मुलांना साखरविरहित पेय दिले होते. तरीही त्या निम्म्या आयांना आपली मुले अधिक चंचल वाटली आणि त्यांनी मुलांवर अधिक टीकाही केली. मोठ्यांची अपेक्षा त्यांच्या नजरेला कसे वळण देते, हे या प्रयोगातून दिसते, आणि शिक्षकांनीही ते ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

निदान करणे हे शिक्षकाचे काम नाही. ते बालमानसोपचारतज्ज्ञाने, विकासात्मक बालरोगतज्ज्ञाने किंवा प्रशिक्षित मानसशास्त्रज्ञाने पालक व शाळा या दोघांकडून माहिती घेऊन करायचे असते. त्यासाठी कोणतीही रक्तचाचणी किंवा मेंदूची प्रतिमा पुरेशी नसते. ऐकण्यातील किंवा दृष्टीतील दोष, अपुरी झोप, चिंता, वाचनाची विशिष्ट अक्षमता, घरातील ताण यांमुळेही मूल असेच दिसू शकते, आणि यांपैकी काही गोष्टी विकाराच्या जोडीनेही असू शकतात. आणखी एक सापळा वयाचा आहे. कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया प्रांतातील मुलांच्या मोठ्या अभ्यासात, जो २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला, असे दिसले की शालेय प्रवेशाच्या तारखेमुळे वर्गात सर्वांत लहान ठरणाऱ्या डिसेंबरमधील मुलांना, त्याच वर्षी जानेवारीत जन्मलेल्यांच्या तुलनेत, निदान मिळण्याचे प्रमाण मुलग्यांत सुमारे तीस टक्क्यांनी आणि मुलींत सुमारे सत्तर टक्क्यांनी जास्त होते. सहा वर्षांच्या वयात अकरा महिन्यांचे अंतर फार मोठे असते. म्हणून शिक्षकाने तज्ज्ञाकडे नेमकी निरीक्षणे पाठवावीत: किती मिनिटांनी लक्ष सुटते, कोणत्या तासाला, कोणत्या प्रकारच्या कामात, कोणाशेजारी बसल्यावर. “लक्ष देत नाही” या शेऱ्यापेक्षा अशी एक ओळ तज्ज्ञाला कितीतरी अधिक सांगते.

वर्गात करण्याजोगे उपाय बहुतेक साधे आहेत, मात्र ते सातत्याने करावे लागतात आणि कस लागतो तो तिथेच. सूचना एका वेळी एकच द्यावी, मुलाचे लक्ष वेधल्यानंतर द्यावी, आणि ती फळ्यावर किंवा बाकावर चिकटवलेल्या पट्टीवर लिहिलेलीही असावी, म्हणजे ती डोक्यात धरून ठेवण्याचे ओझे कागदावर जाते. ज्याची दृष्टी अधू आहे त्याला चष्मा लावताना आपण इच्छाशक्ती वाढवण्याचा सल्ला देत नाही. ही पट्टी तशाच हक्काचे साधन आहे, आणि ती काही आठवड्यांनी “आता जमते ना” म्हणून काढून घेण्याचीही घाई करू नये. वीस गणितांचा स्वाध्याय पाच-पाचच्या गटांत दिला आणि प्रत्येक गटानंतर मुलाने वही दाखवायची असे ठरवले, तर तेच काम चार छोट्या, पूर्ण करता येण्याजोग्या टप्प्यांचे होते, शिवाय वही दाखवायला जाताना कायदेशीर हालचालही होते. उरलेला वेळ दिसणारे घड्याळ समोर ठेवावे, कारण “अजून दहा मिनिटे आहेत” हे वाक्य ज्याला वेळेचा अंदाज येत नाही त्याच्यासाठी जवळजवळ अर्थहीन असते.

हालचालीबद्दलचा आपला दृष्टिकोनही तपासायला हवा. ‘आधी स्थिर बस, मग शिक’ हा क्रम आपण गृहीत धरतो. पण अमेरिकन संशोधक मार्क रॅपोर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या प्रयोगांत, कार्यस्मृतीवर ताण देणारी कामे करताना एडीएचडी असलेली मुले अधिक हालली तेव्हा त्यांची कामगिरी सुधारलेली आढळली. पाय हलवणे, उभ्याने लिहिणे, हातात छोटी वस्तू फिरवणे यांमुळे शेजाऱ्याचे काम अडत नसेल, तर ते रोखण्यात शिक्षकाची आणि मुलाची, दोघांचीही शक्ती वाया जाते. याच कारणासाठी शिक्षा म्हणून मधली सुट्टी किंवा खेळाचा तास काढून घेणे हा मला सर्वांत चुकीचा निर्णय वाटतो. ज्याला हालचालीची गरज सर्वांत जास्त आहे त्याच्याकडून ती हिरावून घेतल्यावर पुढच्या तासाला ते मूल अधिक अस्वस्थ होणार, हे उघड आहे.

कौतुक आणि परिणाम यांचे गणित या मुलांसाठी वेगळ्या वेगाने मांडावे लागते. कौतुक लगेच, वारंवार आणि नेमके असावे: “छान” म्हणण्यापेक्षा “प्रश्न पूर्ण वाचून मगच लिहायला घेतलेस, ते चांगले केलेस” असे म्हटल्याने कोणती कृती पुन्हा करायची हे मुलाला समजते. चुकीवरील प्रतिक्रिया थोडक्यात, शांत आवाजात आणि शक्यतो एकट्यात द्यावी. दोघांत आधी ठरलेली खूण, जसे बाकावर हलकेच बोट टेकवणे, हे चारचौघांत नाव घेण्यापेक्षा परिणामकारक असते आणि मुलाचा मानही राखते. ज्या मुलाचे नाव दिवसातून अनेकदा रागाच्या सुरात उच्चारले जाते, त्याच्याशी मैत्री करायला वर्गही कचरतो, आणि हे एकाकीपण दीर्घकाळ टिकू शकते.

या सर्व उपायांत संशोधनाचा भक्कम आधार असलेले एक साधन म्हणजे दैनंदिन नोंदपत्रक. एका कागदावर दोन ते चार उद्दिष्टे लिहायची, ती मोजता येतील अशी आणि आजच्या पातळीपेक्षा किंचितच वरची असावीत, उदाहरणार्थ “दिलेल्या कामापैकी तीन चतुर्थांश काम तासात पूर्ण केले” किंवा “मध्ये बोलल्याबद्दल तीनपेक्षा कमी वेळा आठवण द्यावी लागली”. प्रत्येक तासानंतर शिक्षकाने हो किंवा नाही एवढेच नोंदवायचे, कागद रोज घरी जायचा, आणि पालकांनी त्यानुसार ठरलेली छोटी सवलत, खेळाचा जादा वेळ किंवा रात्री एखादी गोष्ट ऐकण्याची संधी, त्याच संध्याकाळी द्यायची. हा कागद तक्रारपत्र होऊ लागला तर त्याचा उपयोग संपतो. उद्दिष्टे सतत हुकत असतील तर ती खाली आणावीत, कारण यश न चाखलेले मूल तो कागद वाटेतच हरवते.

औषधांविषयी टोकाची मते ऐकू येतात, म्हणून वस्तुस्थिती नीट मांडतो. १९३७ मध्ये अमेरिकन वैद्य चार्ल्स ब्रॅडली यांना उत्तेजक वर्गातील औषधाने काही मुलांचे शालेय काम लक्षणीय सुधारल्याचे आढळले. आज सर्वाधिक वापरले जाणारे मिथाइलफेनिडेट याच वर्गातील आहे. हे औषध मुख्यतः डोपामिन आणि नॉरअ‍ॅड्रेनॅलिन या रासायनिक संदेशवाहकांची उपलब्धता वाढवते, बहुसंख्य मुलांत लक्षणे कमी करते, आणि भूक मंदावणे, झोप उशिरा लागणे यांसारखे दुष्परिणामही घडवू शकते, म्हणून वजन, उंची आणि रक्तदाब यांवर डॉक्टरांची नियमित देखरेख लागते. सहा वर्षांखालील मुलांसाठी अमेरिकन बालरोगतज्ज्ञ संघटनेच्या मार्गदर्शिकेनुसार पालकांचे वर्तन-प्रशिक्षण हा पहिला उपचार आहे. ५७९ मुलांवर चौदा महिने चाललेल्या आणि १९९९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी अभ्यासात, काळजीपूर्वक दिलेल्या औषधाचा मूळ लक्षणांवर केवळ वर्तनोपचारापेक्षा जास्त परिणाम दिसला. दोन्ही एकत्र दिलेल्या मुलांना मात्र औषधाचा डोस कमी पुरला. पुढे तीन वर्षांच्या टप्प्यावर गटांमधील हा फरक उरला नव्हता. औषध लक्ष देण्याची क्षमता वाढवते, पण हुकलेले धडे ते शिकवत नाही आणि तुटलेली मैत्रीही जोडून देत नाही. औषध द्यावे की नाही हा निर्णय डॉक्टर आणि कुटुंब यांचा आहे, “गोळी घेतली नाहीस का?” असे वर्गासमोर विचारण्याचा अधिकार कोणालाही नाही.

घरी गृहपाठ हे रोजचे रणांगण होऊ नये यासाठी शाळेनेही थोडे वळावे लागते. तीच क्रिया दहा वेळा लिहून काढण्याऐवजी चार वेळा बरोबर केली तर संकल्पना आली असे मानता येते. गृहपाठ तोंडी न सांगता लिहून दिला, पाठ्यपुस्तकांचा एक संच घरी राहू दिला आणि दप्तर रात्रीच दाराशी ठेवण्याची सवय लावली, तर ‘विसरलो’ हा शब्द बराच कमी ऐकू येतो. पालकांनी शेजारी बसावे, पण काम हातात घेऊ नये. अनेक मुलांना कोणी जवळ असण्यानेच काम चालू ठेवता येते. आणि पालकांपैकी एखाद्यालाही हीच अडचण असू शकते, कारण विकार आनुवंशिक आहे. अशा घरी शिस्तीचा तक्ता टिकला नाही तर शिक्षकाने दोष देण्यापूर्वी हे आठवावे.

माध्यमिक वर्गांत चित्र बदलते. एका शिक्षकाच्या जागी अनेक शिक्षक येतात, प्रत्येकाची पद्धत निराळी असते, कामे आठवड्यांवर पसरतात, आणि उड्या मारणे थांबल्यामुळे मोठ्यांना वाटते की विकार संपला, जेव्हा बाहेरची चंचलता कमी होऊन आतली अस्वस्थता, दिरंगाई आणि विस्कळीतपणा तसाच राहिलेला असतो. या टप्प्यावर योजना विद्यार्थ्यासाठी न आखता त्याच्यासोबत आखावी. कुठे बसल्यावर जमते, मोठा प्रकल्प कोणत्या तारखांना तुकड्या-तुकड्यांनी दाखवायचा, परीक्षेत जादा वेळ हवा की शांत खोली आणि मध्ये छोटी विश्रांती, याचे उत्तर त्यालाच विचारावे. अनेकांना जादा वेळेपेक्षा शांत जागा जास्त उपयोगी पडते, कारण तोच व्यत्यय अधिक वेळ चालू राहून फायदा होत नाही. शाळेने एक शिक्षक ठरवून द्यावा, ज्याच्याकडे हा विद्यार्थी आठवड्यातून एकदा दहा मिनिटे जाईल, सर्व विषयांची बाकी कामे एका पानावर मांडेल, आणि पुढच्या आठवड्यातील पहिले काम कोणत्या दिवशी, किती वाजता, कुठे बसून सुरू करणार हे स्वतःच्या अक्षरात लिहून ठेवेल.